एक तारा कमी

४ जून

ती. आबा,

ठकूचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही ‘बरं बरं’ म्हणता. तोफखान्याने तुमचे कान खाल्ले, त्याला आता इलाज नाही. म्हणून लिहिते आहे. खरं सांगायचं तर समोर बसून सांगायची हिंमतही नव्हती.

मी लष्कराच्या नर्सिंग विभागात निवडले गेले आहे. पुढच्या महिन्यात प्रशिक्षण केंद्रावर हजर व्हायचंय. इथल्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. विचारत नाही आबा, सांगते आहे. रागावू नका.

मुलाखतीला तीन अधिकारी होते. मधे बसलेल्या कर्नल बाईंनी माझी नोकरी एकेक वर्ष करून मोजली, धान्य निवडावं तशी. मोठ्या रुग्णालयातल्या जळीत वॉर्डाची दहा वर्षं पूर्ण धरली. त्याआधी त्या छोट्या नर्सिंग होममध्ये होते, ती चार वर्षं निम्मीच. मग मधल्या दोन वर्षांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथे काय करत होतात?” मी म्हटलं, “आई अंथरुणाला होती, तिचं सगळं मीच करत होते.” त्या म्हणाल्या, “म्हणजे नोकरी नव्हती.” आवाजात खोच नव्हती हो. फक्त पुढच्या ओळीवर गेल्या.

तर बेरीज बारा झाली. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलींना लेफ्टनंट म्हणून घेतात. माझा अनुभव धरून मला थेट कॅप्टन म्हणून घेणार आहेत.

का जातेस, असं विचाराल. भाजलेला माणूस आमच्या वॉर्डात पोचतो, तोवर पहिले तास कुणीतरी वाया घालवलेले असतात. ओले टॉवेल गुंडाळून, रस्त्यात चौकशा करून, सलाईन न लावता. गेल्या वर्षी लांबच्या छावणीतून एक शिपाई आला, तो असाच हातचा गेला. तेव्हापासून मनात आहे की आपण त्या पहिल्या तासांत असायला हवं.

दोन ओळी लिहा. शिव्या दिल्यात तरी चालेल.

तुमची
ठकू


१२ जून

चि. ठकू,

आशीर्वाद. पत्र पोचलं. शिव्या देत नाही. तुझं वय अडतीस, आता काय शिव्या द्यायच्या.

पण एक सांगतो, ते ऐक. मी शिपाई म्हणून लागलो. हवालदार व्हायला सतरा वर्षं लागली. निवृत्त झालो तेव्हाही हवालदारच होतो. जन्मभर कॅप्टन दिसला की टाचा जुळवून उभा राहिलो. आणि आता माझ्या घरातून कॅप्टन निघणार, तीही पहिल्या दिवसापासून. आनंद झाला का, तर घास घशाशी अडकल्यासारखं झालंय. गिळवत नाही आणि टाकवतही नाही.

दवाखान्यातली वर्षं दवाखान्यातली. तिथे डोक्यावर छप्पर असतं, खाली फरशी असते, वेळेवर सुटी होते. लष्करातलं वर्ष वेगळं. त्याची बेरीज याच्यात कशी करतात ते मला कळत नाही. कर्नल बाईंना कळत असेल.

आमच्या पलटणीत असाच एक साहेब बाहेरून आला होता. पुलाचं काम शिकलेला, म्हणून वरच्या जागेवर बसवला. हुशार होता, खोटं कशाला बोलू. माणसं तोंडावर ‘हो साहेब’ म्हणायची आणि पाठ वळली की आपल्या मनासारखं करायची. वर्षभरात बिचारा खंगून गेला. खांद्यावरचे तारे सरकार देतं. त्याच्या पुढचं काही सरकारच्या हातात नसतं.

म्हणून म्हणतो, एक तारा कमी माग. म्हणावं, मला लेफ्टनंटच करा, वर चढायचं ते मी चढेन. पोरीबाळींच्या बरोबरीने सुरुवात कर. मान राहील.

शेजारचा शिंपी विचारत होता, ताईला कुठे नोकरी लागली? म्हटलं, दुसऱ्या दवाखान्यात.

आबा


३ ऑगस्ट

ती. आबा,

नमस्कार. तारा कमी मागितला नाही. मागता येतच नाही, तशी सोय नाही. नियमात बसतं ते देतात.

पण तुमचं म्हणणं इथे रोज आठवतं. माझ्या तुकडीतल्या बाकीच्या मुली बावीस-तेवीसच्या. त्या धावतात तेव्हा हसत असतात. मी धावते तेव्हा फक्त धावते. बुटांनी दोन्ही टाचांची सालपटं काढली आहेत. दुसऱ्यांच्या जखमा बांधून जन्म गेला आणि स्वतःच्या टाचेला पट्टी चिकटत नाही! मुलींनी माझं नाव ‘आजी कॅप्टन’ ठेवलंय. आपसात म्हणतात, पण भिंती पातळ आहेत.

सॅल्यूट अजून जमत नाही. कवायत शिकवणारा हवालदार काल म्हणाला, “मॅडम, माशी हाकलताय का?” अख्खी रांग हसली. मलाही हसू आलं, म्हणून आणखी एक फेरी धावायला लागली.

खरी अडचण वेगळीच आहे. इथे शिकवायला एक लेफ्टनंट आहे. तिच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणतात. कॉलेजातून थेट लष्करात आली, सीमेवर तीन वर्षं काढून आली. तंबूचं रुग्णालय कसं उभं करायचं, स्ट्रेचर कुणी कसं धरायचं, वायरलेसवर काय बोलायचं, तिला सगळं तोंडपाठ. मला त्यातलं ओ की ठो येत नाही. ती मला शिकवते आणि शिकवून झालं की मला सॅल्यूट करते, कारण माझा हुद्दा वरचा. सॅल्यूट अगदी चोख असतो. डोळे मात्र बंद दुकानासारखे.

काल तिला एकटी गाठून म्हटलं, “मला यातलं काही येत नाही, हे मला माहीत आहे.” ती म्हणाली, “मॅडमना येतं असंच कागदावर आहे.” आणि निघून गेली.

तुम्ही बरे आहात ना? औषधं वेळेवर घ्या.

ठकू


२० ऑगस्ट

चि. ठकू,

आशीर्वाद. टाचांचं आधी. बूट पाण्यात भिजवून पायात ओले वाळवायचे, म्हणजे पायाचा आकार धरतात. आत पातळ मोजा, वर जाड. टाचेला कोरडा साबण घासायचा. हे कुणी पुस्तकात लिहीत नाही.

सॅल्यूटचं असं आहे की हात उचलायचा नाही, कोपर उचलायचं. हात आपोआप येतो. आरशासमोर करू नकोस, भिंतीसमोर कर.

त्या शिट्टीला काही समजावायला जाऊ नकोस. तिचं काही चुकत नाही. तुझंही चुकत नाही, पण तिच्या जागी मी असतो तर माझेही डोळे तसेच असते. ती सांगेल ते मुकाट्याने शिक. ऐकताना हुद्दा खिशात ठेव.

आणि नसेल जमत तर परत ये. कुणी हसणार नाही. हसला तर मी आहे.

माझं बरं चाललंय. चपला घट्ट व्हायला लागल्या, हल्ली माल हलका येतो. नव्या एक नंबर मोठ्या घेतल्या, त्याही संध्याकाळी चावतात. उकाड्यामुळे पलंगावर झोप लागत नाही, खुर्चीतच टेकून झोपतो, तिथे वारा चांगला येतो. जिन्यात मधे एकदा थांबावं लागतं, पण वरच्या मजल्यावरचा मास्तरही थांबतो आणि तो माझ्याहून लहान आहे. तेव्हा काळजी नको.

आबा


२९ ऑगस्ट

आबा,

परत येण्याचा विचारही नाही. ते बाजूला ठेवा आणि पुढचं नीट वाचा.

तुमच्या चपला घट्ट झाल्या नाहीत, पाय सुजलेत. नडगीवर अंगठा दाबून धरा आणि सोडा. खळगा राहिला तर मी म्हणते ते खरं. आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून तुम्ही खुर्चीत झोपताय, वाऱ्यासाठी नाही. आबा, हृदयावर ताण आला की अंगात पाणी साठतं, ते हे आहे.

पत्र मिळेल त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. माझ्या जुन्या वॉर्डातल्या सिस्टरना मी कळवलंय. शिंप्याला बरोबर न्या. रिक्षाने जा, चालत नको. ‘उद्या बघू’ नको, ‘मास्तरही थांबतो’ नको. मास्तरलाही घेऊन जा.

लेकीचं ऐकायचं नसेल तर हा कॅप्टनचा हुकूम समजा.

ठकू


१५ सप्टेंबर

चि. ठकू,

आशीर्वाद. हुकमाची तामील झाली.

नडगीवर अंगठा दाबला, तर चिखलात उमटावा तसा खळगा पडला. शिंपी तो बघून घाबरला आणि तोच रिक्षा आणायला धावला. रुग्णालयात आठवडाभर ठेवून घेतलं. इतकं पाणी काढलं की जुन्या चपला पुन्हा ढिल्या झाल्या. नव्यांचे पैसे वाया गेले, पण असू दे.

तिथला डॉक्टर म्हणाला, “आणखी थोडं थांबला असतात तर उचलूनच आणावं लागलं असतं. कुणी पाठवलं तुम्हाला?” मी म्हटलं, “कॅप्टनने.” त्याला वाटलं, आपल्याला कळलं नाही. “कुठले कॅप्टन?” मग शिंप्याने सांगितलं, ह्यांची मुलगी. त्याला मी दुसऱ्या दवाखान्याचं सांगितलं होतं, पण त्याला सगळं ठाऊक होतं. तुझ्या वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं म्हणे.

खाटेवर पडून करायला काही नव्हतं, म्हणून सिस्टर लोकांकडे बघत बसलो. समोरच्या खाटेवर एक म्हातारी होती, तुझ्या आईसारखीच अंथरुणाला खिळलेली. तिला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवत होत्या. कुणी बघत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं, तरी वळवत होत्या. तुझ्या आईच्या पाठीला दोन वर्षांत एक जखम झाली नाही. मला तेव्हा वाटायचं, नशीब. कर्नल बाईंनी ती दोन वर्षं धरली नाहीत. मी धरली होती असंही नाही. आता धरतो.

गोळ्या वेळेवर घेतो. मीठ बंद केलंय. जेवणाची चव गेली, जीव राहिला.

आबा


२ डिसेंबर

चि. ठकू,

नव्या छावणीत पोचल्याचं तुझं कार्ड आलं, ती शिट्टीही तिथेच बदलून आल्याचं त्यात होतं. त्यानंतर तुझं काही नाही. काल पेपरात आलंय. छावणीतल्या गाड्यांच्या शेडला आग लागली, जवान भाजले. छावणीचं नाव तुझंच आहे. फोन लागत नाही. लागला तरी मला ऐकू येणार नाही, म्हणून शिंपी करून बघतोय.

दोन ओळी टाक. ‘ठीक आहे’ एवढं लिहिलंस तरी पुरे.

आबा


१६ डिसेंबर

ती. आबा,

मी ठीक आहे. मला खरचटलंही नाही. उशीर झाला. रोज कागद घेऊन बसत होते.

दुपारची जेवणं चालली होती. शेडमध्ये टँकर दुरुस्त करत होते, त्याने पेट घेतला. आमचं रुग्णालय म्हणजे दोन खोल्या आणि एक तंबू. डॉक्टर एकच, मेजर साहेब. ते हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, “जळीत कुणी पाहिलंय?” मी म्हटलं, “मी पाहिलंय.” “मग बोला.” इतका सरळ माणूस मी क्वचितच पाहिलाय.

पुढचं सगळं शिट्टीने उभं केलं. स्ट्रेचरवाले सैरावैरा धावत होते. तिने एक शिट्टी मारली आणि चार जोड्या रांगेत. वायरलेसवर हेलिकॉप्टर तिने मागवलं. मला ते आजही येणार नाही. मी फक्त माणसाजवळ बसून माणूस बघत होते. एकाचा आवाज घोगरा झाला होता, नाकातले केस जळलेले. तो म्हणत होता, मी बरा आहे, दुसऱ्यांना बघा. मी मेजर साहेबांना म्हटलं, “याचा गळा आतून सुजतोय, आत्ता नळी घाला, नंतर जाणार नाही.” त्यांनी लगेच घालायला घेतली आणि त्यातच अडकले.

चार जण गंभीर होते. हेलिकॉप्टरमध्ये तीन स्ट्रेचर बसतात. दुसरी फेरी वाऱ्यामुळे संध्याकाळशिवाय नाही, असं वायरलेसवर सांगितलं. मेजर साहेबांचे हात गुंतलेले. मान न वळवता ते म्हणाले, “कॅप्टन, कोण जाणार ते तुम्ही ठरवा.” इथला नियम आहे की हे कॅप्टनच्या खालच्याने ठरवायचं नसतं. मी लेफ्टनंट असते तर मेजर साहेबांना हातातलं सोडून यावं लागलं असतं.

आबा, चौघांत एक ड्रायव्हर होता. कोवळा नव्हता, लग्न झालेला, जाड भुवयांचा. भुवया जळल्या होत्या, पण कुठे होत्या ते कळत होतं. तो सगळ्यात शांत होता. नीट बोलत होता. वेदना नाहीत म्हणाला, फक्त थंडी वाजते. पाणी मागत होता. आमच्या वॉर्डात असे मी पुष्कळ पाहिलेत. कातडी इतकी खोल गेलेली असते की दुखायलाच काही उरत नाही. ते बोलतात, विनोदसुद्धा करतात आणि संध्याकाळपर्यंत जातात. कुठलंही रुग्णालय त्यांना वाचवत नाही. मी दहा वर्षांत एकही वाचलेला पाहिला नाही.

मी बाकीच्या तिघांकडे बोट दाखवलं.

शिट्टी माझ्यासमोर आली. “मॅडम, हा सगळ्यात शुद्धीवर आहे. हा बोलतोय. त्याला का नाही?”

मी म्हटलं, “म्हणूनच नाही.”

“हे मला पटत नाही.”

“नका पटवून घेऊ. उचला.”

मी कुणाला असं बोलल्याचं मला आठवत नाही. तिने उचललं. ती जाताना ड्रायव्हरने मला विचारलं, “मॅडम, पुढच्या फेरीत माझा नंबर ना?” मी म्हटलं, “हो. पहिलाच तुझा.”

दुसरी फेरी आली तेव्हा न्यायला कुणी नव्हतं. तिघे जिवंत आहेत. घोगऱ्या आवाजाचा आता जेवतो. वरून चौकशी झाली. निर्णय बरोबर होता असं लिहून आलं. मेजर साहेबांनी तो कागद मला वाचून दाखवला आणि घडी करून ठेवला. 

शिट्टी कामापुरतं बोलते. ड्रायव्हरचा देह गावी पोचवायला ती गेली होती. परत आल्यावर म्हणाली, “त्याचे वडील गवंडी आहेत. चुनाभट्ट्यांच्या गावचे. कोण होतं त्याच्याजवळ, असं विचारत होते. मी म्हटलं, आमच्या मॅडम.” एवढंच बोलून गेली. मला जायला हवं होतं. मी तेव्हा बाकीच्या जखमींचं ड्रेसिंग निघालं असं कारण सांगितलं. ड्रेसिंग दुसऱ्या कुणालाही करता आलं असतं.

तुम्ही लिहिलं होतंत, एक तारा कमी माग. त्या दुपारी मला तो खरंच कमी हवा होता.

ठकू


५ जानेवारी

चि. ठकू,

आशीर्वाद. मी चुनाभट्ट्यांच्या गावी जाऊन आलो.

रागावू नकोस. डॉक्टरला विचारून गेलो, गोळ्या खिशात होत्या, शिंपी सोबत होता. माजी सैनिकांच्या कचेरीतून पत्ता काढला. तू जायला सांगितलं नव्हतंस. मी तरी तुला विचारून कधी काय केलंय? तूही मला विचारून लष्करात गेली नाहीस.

घर स्टँडपासून जवळ आहे. स्वतः बांधलेलं, अजून गिलावा व्हायचाय. गवंडी दारात बसून थापी पुसत होता. पुसून स्वच्छ झालेली पुन्हा पुसत होता. मी सांगितलं, मी तोफखान्यातला जुना हवालदार, भेटायला आलोय. त्याने खुर्ची दिली. लोक येतात, बसतात, जातात, त्याला सवय झालेली दिसली.

मला वाटलं होतं, आपण कोण ते सांगायचं नाही. फक्त बसून यायचं. पण त्याने विचारलं, “तिथे कुणी मॅडम होत्या म्हणे. तुम्हाला त्यांचं काही माहीत आहे?”

आता काय करतो? म्हटलं, “ती माझी मुलगी.”

शिंप्याने माझा दंड धरला. गवंडी उठून आत गेला आणि पाणी घेऊन आला. मग समोर बसला आणि म्हणाला, “सांगा.”

मी सगळं सांगितलं ठकू. आडपडदा ठेवला नाही. चार माणसं होती आणि जागा तीन होत्या हे सांगितलं. तुमचा मुलगा जिथे गेला असता तिथेही वाचला नसता, असं ती म्हणते आणि तिने असे दहा वर्षं पाहिलेत, हेही सांगितलं. पुढच्या फेरीत पहिला नंबर तुझा, असं ती त्याला म्हणाली आणि ते खरं नव्हतं, हे सांगताना माझी जीभ जड झाली. पण मागे ठेवून आलो असतो तर पुन्हा त्या दारात उभं राहायचं तोंड उरलं नसतं.

त्याने थापी खाली ठेवली. मग म्हणाला, “कॅप्टन म्हणजे मोठा हुद्दा?”

“चोवीस वर्षांत मी तिथे पोचलो नाही.”

“मग ती कधी पोचली?”

“ती थेट तिथेच लागली. दवाखान्यातली बारा वर्षं धरतात.”

“धरायलाच हवीत,” तो म्हणाला. “आमच्यात हात बसलेला माणूस आला तर त्याला कुणी पाट्या उचलायला लावत नाही. पहिल्या दिवशी ओळंबा हातात देतात. आणि भिंत वाकडी गेली तर त्यालाच धरतात.” मग म्हणाला, “माझा मुलगा गेला. ती बरोबर होती का चूक, ते मला कळणार नाही, मला कळून घ्यायचंही नाही. पण ती तिथून उठून गेली का, तेवढं सांगा.”

मी म्हटलं, “ते तिने लिहिलं नाही.”

ते खरंच तू लिहिलं नाहीस. सगळे कागद मी पुन्हा वाचले. हेलिकॉप्टर गेल्यापासून दुसरी फेरी येईपर्यंत तू कुठे होतीस, ते त्यात नाही. मी विचारत नाही. मला ठाऊक आहे असं वाटतं, पण ते मी सांगायचं नाही. ते तू त्यांनाच सांगायला हवं.

परतताना शिंपी मला म्हणाला, “तुम्ही फार मोठी जोखीम घेतलीत.” म्हटलं, लेक घेते, बापाने का घेऊ नये?

बाकी, ताऱ्याबद्दल मी लिहिलं होतं ते मागे घेतो.

आबा


२१ फेब्रुवारी

ती. आबा,

नमस्कार. सुटी मिळाली तशी आधी तिकडे गेले, घरी नंतर येते आहे. हे पत्र गाडीत लिहिते आहे, अक्षर हलतंय.

शिट्टी बरोबर आली. मी सांगितलं नव्हतं. बॅग घेऊन फाटकाशी उभी होती. म्हणाली, “घर मला माहीत आहे, तुम्ही शोधत बसाल.” वाटेत बरंच काही बोलली, तिच्या सीमेवरच्या दिवसांचं. मग मधेच म्हणाली, “ते तिघे वाचले, हे मी रोज स्वतःला सांगते. तरी त्याच्याबद्दल मला अजून पटलेलं नाही.” मी म्हटलं, “मलाही पुरतं पटलेलं नाही.” तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

गवंडी घरी नव्हते, कामावर गेले होते. पुन्हा कामावर जायला लागलेत. त्याची आई होती. आबा, तुम्ही तिच्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतंत. तुम्ही गेलात तेव्हा ती आत बसून सगळं ऐकत होती म्हणे. सून बाळाला घेऊन माहेरी गेलीय.

तिने तीन जागांचं काही विचारलं नाही. हुद्द्याचंही नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने हातानेच थांबवलं. मग म्हणाली, “सगळं अंग भाजलं होतं म्हणतात. मग त्याला कुणी हात लावला की नाही? का तसाच पडून होता?”

मी सांगितलं. हेलिकॉप्टर गेल्यावर मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले, ती शेवटपर्यंत. आग लागली तेव्हा तो गाडीच्या सीटला टेकून बसला होता, म्हणून तेवढी पाठ वाचली होती. डाव्या खांद्याच्या मागे कातडी शाबूत होती, तळहात मावेल एवढीच. मी तिथे हात ठेवला होता. त्याला थंडी वाजत होती, म्हणाला, “तेवढंच ऊबदार लागतंय, काढू नका.” मी काढला नाही. तो तुमच्याबद्दल बोलला, असं तिला म्हटलं. घराच्या गिलाव्याबद्दल बोलला. मग बोलायचा थांबला, तरी मी हात काढला नाही.

शिट्टी दाराशी उभी होती. हे तिलाही माहीत नव्हतं. ती तेव्हा हेलिपॅडवर होती.

त्या बाईने विचारलं, “कुठला हात?”

मी उजवा पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, तळवा वर केला आणि बघत राहिली. मग तिने तो आपल्या गालाला लावला आणि डोळे मिटले. मी हात तिच्याकडेच राहू दिला.

ठकू